नाशिकच्या अ‍ॅनिमेशन क्लासवाल्या सर-मॅडमना खुलं पत्र: एआय जरूर शिकवा, पण पेन्सिल काढून घेऊ नका

प्रति,
नाशिकमध्ये अ‍ॅनिमेशन, मल्टिमीडिया, ग्राफिक्सचे क्लास चालवणारे सगळे संचालक आणि तिथे शिकवणारे सर-मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकमध्येच मोशन ग्राफिक्सचं, म्हणजे चित्रं आणि अक्षरं हलती करायचं काम करते, सातपूर-अंबडच्या कंपन्यांचे सेफ्टी व्हिडिओ, द्राक्ष एक्स्पोर्टवाल्यांच्या फिल्म्स, बिल्डरच्या जाहिराती, देवस्थानांचे माहितीचे छोटे व्हिडिओ, असं सगळं. आमच्याकडे नवीन मुलं घ्यायची असली की त्यांचं शोरील, म्हणजे निवडक कामाचा छोटा व्हिडिओ, बघणं आणि टेस्ट घेणं माझ्याकडे असतं, त्यामुळे तुमच्याकडे शिकून बाहेर पडलेली मुलं मला सारखी भेटतात, आणि हे पत्र त्यांच्यासाठी आहे.

कॉलेज रोडपासून नाशिक रोडपर्यंत बऱ्याच क्लासच्या बोर्डवर आता एआय आलंय. यायलाच पाहिजे होतं. पण ते येताना सिलॅबसमधून काही गोष्टी हळूच निघून गेल्यात, फ्रीहँड ड्रॉइंग, स्टोरीबोर्ड (गोष्ट आधी चित्रांच्या चौकटीत मांडणं), टायमिंगचे एक्सरसाइज, उसळणाऱ्या चेंडूचा साधा बॉल बाउन्ससुद्धा. मुलांना विचारलं की सांगतात, मॅडम ते आमच्या आधीच्या बॅचला होतं, आम्हाला डायरेक्ट एआय. माझी विनंती एवढीच की ते सगळं परत आणा, आणि एआय त्याच्या जोडीला, त्याच वर्गात, त्याच असाइनमेंटमध्ये शिकवा. या दोन्ही गोष्टी एका मुलाच्या हातात आल्या तरच तो या कामात टिकतो, हे मी रोज बघतेय.

कुणाचा गैरसमज नको म्हणून आधीच सांगते, मी एआयच्या विरोधात नाही. रोटोचं, म्हणजे व्हिडिओतली एखादी गोष्ट कापून वेगळी काढायचं काम ज्यांनी हातानं केलंय त्यांना विचारा. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे दहा सेकंदाच्या शॉटमधून माणूस कापून वेगळा काढायचा तर २५० फ्रेम, आणि केस वाऱ्यावर उडत असले की प्रत्येक फ्रेमला मास्क, म्हणजे कापायची कड, हलवत बसायचं. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये २०१० साली रोटो ब्रश आला तेव्हा थोडा आराम पडला, २०२० मध्ये त्याचं मशीन लर्निंगवालं व्हर्जन आलं तेव्हा खरा फरक कळला. आता मागची वायर काढणं, जुनं फुटेज मोठं करणं, हालचाल आपोआप घडवणाऱ्या एक्स्प्रेशनचा कोड लिहून घेणं, खरा व्हॉइसओव्हर रेकॉर्ड व्हायच्या आधी टायमिंग बसवायला कच्चा आवाज लावणं, हे सगळं मी एआयकडूनच करून घेते आणि वाचलेला वेळ डिझाइनला देते. व्हिडिओ बनवणारी मॉडेलंसुद्धा वापरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओपनएआयनं सोराचे नमुने दाखवले, मे २०२५ मध्ये गूगलनं व्हिओ ३ आणलं, आठ सेकंदांची क्लिप, तीही आवाजासकट, हे बघून आमच्या क्षेत्रातल्या कुणाचेही डोळे विस्फारतील आणि माझेही विस्फारले.

आता अडचण कुठे येते ते सांगते.

सेफ्टी ट्रेनिंगसाठी पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर, छोटा व्हिडिओ करायचा, ही आमची नेहमीची टेस्ट आहे, कारण आपल्या एमआयडीसीत असं काम कायम असतं. एका मुलानं एआयनं केलेली क्लिप आणली. प्रकाश सुंदर, मशीनवरची धूळसुद्धा खरी वाटावी अशी. आणि त्यात कामगार एका हातानं बटण दाबतोय आणि दुसरा हात डायच्या, म्हणजे दाब देणाऱ्या साच्याच्या जवळ. ज्यानं शॉप फ्लोअर बघितलाय त्याला तिथेच धस्स होईल, कारण बऱ्याच प्रेसवर दोन बटणं लांब-लांब एवढ्यासाठीच असतात की दोन्ही हात बटणांवर अडकावेत आणि एकही हात डायमध्ये जाऊ नये. सेफ्टीच्या व्हिडिओत नेमकं हेच उलटं दाखवलं तर तो व्हिडिओ धोकादायक आहे, कितीही छान दिसला तरी. मी त्याला म्हटलं, दुरुस्त कर. त्यानं प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला लिहून दिलेली सूचना, बदलला, नवीन क्लिप आली, त्यात हात बरोबर पण मशीनच दुसरं. परत केला, मशीन बरोबर पण कामगाराचं हेल्मेट गेलं. मुलगा हुशार होता, मेहनती होता, पण त्याच्याकडे प्रॉम्प्ट बदलण्याखेरीज दुसरं काहीच नव्हतं. ज्याला चित्र काढता येतं त्यानं दोन हात आणि दोन बटणं वेगळ्या लेयरवर, म्हणजे वेगळ्या थरावर, काढून अर्ध्या दिवसात प्रश्न संपवला असता, आणि एआयची तीच सुंदर मशीन मागे बॅकग्राउंडला ठेवली असती. मी ज्याला मिश्रण म्हणते ते हे.

क्लायंट लोक ज्या सुधारणा सांगतात त्या ऐकल्यात ना तुम्ही? लोगो जरा डावीकडे घ्या. ते द्राक्ष पडतं ना, ते थोडं जड वाटू दे. सेठना दोन फ्रेम आधी थांबवा. दोन फ्रेम म्हणजे सेकंदाचे आठ शतांश, पण डोळ्याला कळतं आणि क्लायंटलाही कळतं. एआयची क्लिप म्हणजे एक सपाट व्हिडिओ फाइल, तिला लेयर नाहीत, कीफ्रेम (हालचाल कुठे सुरू, कुठे संपते त्या खुणा) नाहीत, ट्रान्स्परंट बॅकग्राउंड बहुतेक वेळा नाही. त्यातली एकच गोष्ट हलवायची तर ती आधी कापून काढावी लागते, मागची जागा भरावी लागते, मग नव्यानं अ‍ॅनिमेट करावी लागते. म्हणजे फिरून सगळी जुनीच विद्या लागते. ती ज्याला येते त्याच्या हातात एआय म्हणजे मोठी ताकद, आणि ज्याला येत नाही तो पहिल्या करेक्शनलाच अडकतो. शोरील बघून नोकरी मिळते हो, पण पहिल्याच महिन्यात अशी मुलं माझ्यासमोर रडवेली होऊन बसतात, आणि त्यांची चूक काय, त्यांना जे शिकवलं तेच त्यांनी केलं.

टायमिंगचं तर मला फारच वाटतं. डिस्नेच्या दोन जुन्या अ‍ॅनिमेटर्सनी १९८१ मध्ये पुस्तकात मांडलेली बारा तत्त्वं तुमच्यातले बहुतेक सर स्वतः शिकलेले आहेत. उडी मारायच्या आधी माणूस खाली दबतो, थांबताना वेग हळू होतो, जड वस्तू उशिरा हलते. ही तत्त्वं नाशिकच्या मुलाला शिकवायला परदेशी व्हिडिओ लागतच नाहीत. रंगपंचमीला तिवंध्याला किंवा शनी चौकात रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा हौद, उघडली की तिथे उभं राहून धप्पा, म्हणजे त्यात मारलेली उडी, बघायला सांगा. पोरगा काठावर येतो, एक क्षण थांबतो, गुडघे वाकतात, खांदे मागे जातात, हे झालं अँटिसिपेशन, हालचालीआधीची तयारी. मग उडी, हवेत वर गेल्यावर जरा रेंगाळल्यासारखा दिसतो, तिथे एकेका फ्रेममधली त्याची जागा जवळ-जवळ, खाली येताना लांब-लांब. मग रंगाचं पाणी आधी बाजूला फाकतं आणि नंतर वर येतं, आणि काठावरची माणसं त्याच्याही नंतर मागे सरकतात. एका धप्प्यात अर्धा सिलॅबस आहे. मोबाइलवर स्लो मोशन शूट करा, वर्गात फ्रेम बाय फ्रेम बघा, त्यातल्या मुख्य पोझ मुलांना कागदावर काढायला लावा, आणि मग, मगच, एआयला त्या पोझ देऊन मधल्या फ्रेम करून घ्या आणि दोन्ही शेजारी लावून बघा. मुलांना तिथल्या तिथे दिसेल की मशीननं सगळं अंतर सारखं वाटून टाकलंय, थांबायचं तिथे थांबलं नाही, आणि वजन गेलं. हे एकदा डोळ्यांनी दिसलं की मुलगा एआयच्या प्रत्येक क्लिपकडे वेगळ्या नजरेनं बघतो.

आणि एआयला नुसतं रहाड म्हणून सांगून बघा. मी बघितलंय. गुलाल उधळणारी गर्दी येते, कधी स्विमिंग पूल येतो. पेशव्यांच्या काळापासून गावात चालत आलेला दगडी हौद त्याला माहीत नाही, कारण त्याचे फोटो-व्हिडिओ जगात मुळातच थोडे. ही माहिती आपल्या मुलांकडे आहे. निफाड, दिंडोरी, सिन्नर, चांदवडहून एसटीनं येणाऱ्या पोरांना द्राक्षाचा मांडव कसा असतो, कांद्याचा लिलाव कसा चालतो, छाटणीच्या वेळी हात कसे चालतात हे जन्मापासून ठाऊक आहे. त्यांना पाच मिनिटं तरी विचारा की तुझ्या घरचं काम कसं असतं, काढून दाखव. आमच्याकडे द्राक्षावरच्या एका फिल्मसाठी एआयनं दिलेल्या बागेत वेली परदेशी पद्धतीच्या, कुंपणासारख्या उभ्या ओळीत होत्या आणि खायची द्राक्षं लावलेल्या आपल्याकडच्या बागायतदारानं ते एका सेकंदात ओळखलं असतं. आमच्याच टीममधल्या शेतकऱ्याच्या पोरानं पेन्सिलनं मांडवाचा आडवा छेद काढला, घड खाली कसे लोंबतात ते काढलं, मग ते स्केच रेफरन्स म्हणून एआयला दिलं, तेव्हा कुठे कामाचं बॅकग्राउंड मिळालं. स्केच आधी, मॉडेल नंतर.

गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचं उदाहरण मी तर प्रत्येक क्लासला असाइनमेंट म्हणून सुचवेन. गोदेला पूर आला की अख्खं नाशिक विचारतं, पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं? कमरेला, छातीला, गळ्याला. आपल्या गावाची ही पूर मोजायची पट्टी आहे. याच्यावर वीस सेकंदाचा मोशन ग्राफिक करायला द्या, गंगापूर धरणातून पाणी सुटतं, नदी चढते, मारुतीवर पाणी कुठवर आलं म्हणजे गावात कुठे पाणी शिरतं. मुलांना नदीवर पाठवा, मूर्ती दोन्ही बाजूंनी काढून आणायला सांगा, जुन्या दुकानदारांशी बोलायला लावा. मग स्टोरीबोर्ड. मग एआय घ्या, पाण्याच्या टेक्श्चरसाठी, पावसाच्या लेयरसाठी, रंगांचे पाच-सहा प्रकार झटपट बघण्यासाठी. मूर्ती मात्र हातानं काढलेली, कारण नुसतं हनुमान सांगितलं की मॉडेल गदा घेऊन उडणारा हनुमान देतं आणि आपल्या दुतोंड्याला तो काहीच लागत नाही. पाण्याची पातळी हातानं कीफ्रेम केलेली, कारण तिथे चुकलं तर माहितीच चुकली. अशी एक असाइनमेंट शोरीलमध्ये असलेला मुलगा माझ्याकडे आला तर मी त्याला दुसरं काही विचारणार नाही.

देवनागरीबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण नाशिकमध्ये आमचं बरंचसं काम मराठीत असतं आणि इथे एआय अजून फार कच्चं आहे. व्हिडिओ मॉडेलला पाटीवर त्र्यंबकेश्वर लिही म्हणा, त्र, य आणि वरचा अनुस्वार यांचं जे काही होतं ते बघवत नाही, अक्षरांसारखं काहीतरी दिसतं आणि वाचता येत नाही. म्हणून अक्षरं नेहमी वरून, खऱ्या फाँटमध्ये, आपण स्वतः टाकायची, हा नियम मुलांना पहिल्या दिवशी सांगा. पण तेवढ्यानं भागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये टेक्स्ट इंजिनची, म्हणजे अक्षरं जुळवणाऱ्या भागाची सेटिंग बरोबर नसेल तर जोडाक्षरं तुटतात. आणि तयार टाइपरायटर प्रीसेट (अक्षरं एकेक उमटवणारे आयते इफेक्ट) इंग्रजीच्या हिशोबानं बनलेले असतात, एकेक कॅरेक्टर पुढे टाकणारे. मराठीत किमया हा शब्द तसा अ‍ॅनिमेट केला की आधी क येतो, मग ऱ्हस्व वेलांटी त्याच्या डावीकडे येऊन बसते आणि क उजवीकडे ढकलला जातो. सूर्य लिहिताना आधी पाय मोडलेला र दिसतो आणि मग तो अचानक य च्या डोक्यावर रफार होऊन उडी मारतो. मराठी वाचणाऱ्या माणसाला ते खटकतं, का खटकतं ते सांगता नाही आलं तरी. त्यामुळे मराठी शब्द अक्षरांमध्ये तोडून, कि-म-या, सू-र्य, असे शेपमध्ये बदलून अ‍ॅनिमेट करायला शिकवा. आणि अक्षरं कुठल्या क्रमानं उमटावीत ते कळण्यासाठी बोरूनं लिहायला लावा एकदा तरी. उभा दांडा कधी येतो, शिरोरेघ कधी येते हे हाताला कळलं की मराठी टायटलचं अ‍ॅनिमेशन आपोआप सुधारतं. शिरोरेघ शेवटी ओढली जाते आणि सगळी अक्षरं एकत्र बांधली जातात, ही कल्पना घेऊन किती सुंदर टायटल होऊ शकतात, आणि ही कल्पना इंग्रजी प्रीसेटमधून येणार नाही.

आता कुंभमेळ्याकडे येते, कारण घाई त्याचीच आहे. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ चं आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ चं. त्यासाठी एलईडी स्क्रीन, मोबाइलवर फिरणारे माहितीचे व्हिडिओ, रस्ता दाखवणारी अ‍ॅनिमेशन, सूचना, हे काम प्रचंड निघणार आणि ते नाशिकच्या मुलांना मिळावं असं मला मनापासून वाटतं. पण ते जबाबदारीचं काम आहे. २००३ च्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. ते इथल्या जुन्या लोकांच्या अजून लक्षात आहे. गर्दीत उभा असलेला, कदाचित वाचता न येणारा, दुसऱ्या राज्यातून आलेला माणूस स्क्रीनवरचा बाण बघून वळणार आहे. तो बाण, तो नकाशा, घाटाचा क्रम, पार्किंगची जागा, हे एआयनं अंदाजानं बनवलेलं असून चालणारच नाही. तिथे रोज बदलणारी माहिती टाकता येईल असा टेम्प्लेट लागतो, लेयर मोकळे असलेला, पोलिसांनी संध्याकाळी रस्ता बदलला की रात्री नवीन व्हिडिओ तयार. हे ज्याला कीफ्रेम आणि डिझाइन कळतं त्यालाच जमतं. त्याच व्हिडिओचं हिंदी, गुजराती, तेलुगू भाषांतर आणि कच्चा आवाज मात्र एआयकडून आधी करून घ्यावं आणि मग ती भाषा येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावं, तिथे मशीननं खरंच वेळ वाचतो.

आणि दृश्यांचं म्हणाल तर अजून एक. नाशिकला रामकुंडावर वैष्णव आखाडे स्नान करतात आणि शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तावर. एआयला नाशिक कुंभ म्हटलं की भस्म लावलेले नागा साधू रामकुंडावर उतरवतं आणि मागे काशीसारखे उंच घाट काढतं, वैष्णव साधूच्या कपाळावर उभा टिळा हवा तिथे शैवांचं आडवं त्रिपुंड्र येतं. बाहेरच्या माणसाला कळणार नाही, पण आखाड्यातल्या माणसाला लागेल, आणि नाशिकच्या डिझायनरनं असं काम बाहेर सोडलं तर लोकांनी नावं ठेवली तरी बोलायला जागा नाही. हे ओळखणारा डोळा तयार करणं तुमच्या हातात आहे. मुलांना पंचवटीत घेऊन जा, त्र्यंबकला घेऊन जा, एक दिवस लॅब बंद ठेवली तरी काही बिघडत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण हेही कुणी शिकवत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटरनं तयार झालेल्या कामाचा कर्ता म्हणजे ते काम ज्यानं घडवून आणलं ती व्यक्ती, असं म्हटलंय, पण आजच्या एआयला ते कसं लावायचं यावर वाद चालू आहेत, म्हणून आपले स्केच, स्टोरीबोर्ड, प्रोजेक्ट फाइल तारखेसकट जपून ठेवायची सवय मुलांना लावा, आपण काय केलं ते दाखवता आलं पाहिजे. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२५ मध्ये एआयनं बनवलेल्या मजकुरावर लेबल लावण्याचा मसुदा आणला आणि पुढे तसे नियमही केले, म्हणून कामात एआय कुठे वापरलंय ते क्लायंटला लेखी सांगायची पद्धत आतापासून पाडा. आणि कंपनीच्या मशीनची ड्रॉइंग फुकटच्या एआय साइटवर अपलोड करायची नाहीत, हे तर बजावूनच सांगा.

मला माहितीये तुमच्याही अडचणी आहेत. पालक येतात आणि विचारतात, तीन महिन्यात नोकरी लागेल का. शेजारच्या क्लासनं एआयचा बोर्ड लावला की तुम्हालाही लावावा लागतो, जागेचं भाडं आहे, शिक्षक टिकत नाहीत. ड्रॉइंग म्हटलं की मुलंच म्हणतात मला नाही जमत. पण चांगलं चित्र काढणं वेगळं आणि विचार कागदावर मांडता येणं वेगळं. काड्यांची माणसं काढली तरी स्टोरीबोर्ड होतो, कोण कुठे उभा, काय आधी घडतं, काय नंतर, एवढं दिसलं की पुरे. आणि खर्चाच्या बाजूनं बघितलं तर कागद-पेन्सिलीला डॉलरमध्ये महिन्याची फी लागत नाही. ज्या पोराकडे भारीतला ग्राफिक्स कार्डवाला कॉम्प्युटर नाही त्याला ब्लेंडर, क्रिटा ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, आणि जड कामाला ऑनलाइन एआय आहेच, ही एआयची खरोखर चांगली बाजू आहे, गरीब घरच्या मुलाला त्यानं मोठं दार उघडलंय. फक्त आत गेल्यावर काय करायचं ते त्याला माहीत हवं, आणि ते तुम्ही शिकवायचंय.

आपल्याला कुणी बाहेरून येऊन हे शिकवायची गरज नाही, नाशिकलाच त्याचा मोठा वारसा आहे. दादासाहेब फाळके ३० एप्रिल १८७० ला त्र्यंबकेश्वरला जन्मले. त्यांच्या हातात कॅमेरा यायच्या आधी ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले, बडोद्याच्या कलाभवनात शिकले, फोटोग्राफी केली, लिथोचा, म्हणजे दगडावरून छापायचा छापखाना बघितला, जादूचे प्रयोग केले. १९१२ मध्ये ते लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि त्या काळातल्या सगळ्यात नव्या मशीनवर पहिलं काय केलं, तर वाटाण्याचं बी लावून महिन्याहून जास्त काळ थोड्या-थोड्या अंतरानं फ्रेम घेत रोपाची वाढ पकडली. पुढे काडेपेटीतल्या काड्या एकेक फ्रेम हलवून अ‍ॅनिमेशनसुद्धा केलं, आगकाड्यांची मौज नावानं. मशीन परदेशी, नवीन, आणि ते चालवणारा डोळा मात्र वर्षानुवर्षं चित्र, छापखाना, जादू यांवर घडलेला. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते नाशिकलाच गेले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. काडेपेटीचा तोच प्रयोग आजही कुठलाही क्लास करू शकतो, एक मोबाइल, एक स्टँड, एक काडेपेटी. मुलांनी काड्या हलवून दहा सेकंद करावेत, मग त्याच गोष्टीचे दहा सेकंद एआयकडून करून घ्यावेत, मग दोन्ही जोडून तिसरे दहा सेकंद, आणि तिन्हींमध्ये काय चांगलं, काय फसलं यावर वर्गात बोलावं. अख्खा कोर्स या एका धड्याभोवती उभा राहू शकतो असं मला वाटतं.

आणखी एक करा, शोरीलचे नियम बदला. प्रत्येक कामाखाली मुलानं लिहावं की यात हातानं काय केलं, एआयनं काय केलं, आणि एआयचं काय फेकून दिलं. शेवटची ओळ आम्हा नोकरी देणाऱ्यांना सगळ्यात महत्त्वाची असते, कारण काय टाकून द्यायचं हे ज्याला कळतं त्याच्यावर काम सोपवता येतं. आणि मी माझ्या बाजूनं आमच्यासारख्या स्टुडिओवाल्यांनाही सांगतेय की टेस्टमध्ये तयार क्लिप मागण्याऐवजी स्टोरीबोर्ड आणि एक करेक्शन मागा, म्हणजे तुमच्यावरचा चकाचक शोरीलचा दबावही कमी होईल.

नवीन बॅचचा सिलॅबस ठरवताना मला किंवा माझ्यासारख्या कुणालाही बोलवा. पॉवर प्रेसची ती टेस्ट, मराठी टायटलच्या फाइल, मांडवाचं स्केच आणि त्याच्यावरून झालेलं काम, सगळं घेऊन येते, मुलांसमोर उघडून दाखवते, मानधन वगैरे काही नको. शनिवारी दुपारनंतर मला जमतं.

आपली,
नाशिकमधली एक मोशन डिझायनर